आतला खड्डा भरेपर्यंत

आतड्याचं ऑपरेशन झालंय, आणि मग एके दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून पलंगाजवळ बसलेत आणि "थोडं लीक आहे" म्हणालेत, अशा माणसांसाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचा, फक्त जेवण उरकून वाचा. यात शौच, पू, पिशवी सगळं येणार आहे आणि मी त्यातलं काही गाळणार नाही. मी पडून होते तेव्हा असं काहीतरी वाचायला मिळावं म्हणून किती शोधलं! मिळालं ते एक तर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं, नाहीतर 'सकारात्मक राहा' छापाचं. सकारात्मक राहा म्हणे. ढुंगणात नळी घेऊन कुशीवर पडून बघा आधी, मग शिकवा.

माझं नाव वसुधा. माहेर बडोद्याचं, सासरही बडोद्याचंच. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती, असा आमचा जन्म गेला. मी गुजराती शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे निम्मं गाव मला वसुधाबेन म्हणतं. घरात आम्ही चौघं. मी, हे, मुलगा निनाद आणि सून हेतल. हे कारखान्यातून निवृत्त झालेले, निनाद कारखान्यातच शिफ्टच्या नोकरीत. हेतल बडोद्याजवळच्या पादरा गावची, गुजराती. तिची माझी बरी पटते असं मी लोकांना सांगायचे. ती काय सांगायची ते मला माहीत नाही.

गाठ

रक्त पडत होतं. मी मूळव्याध ठरवून मोकळी झाले. खुर्चीवर बसून नोकरी केली की हे व्हायचंच, असं मीच सगळ्यांना समजावत होते. इसबगोल झालं, ताक झालं, कुणाकुणाच्या पुड्या झाल्या. शेवटी निनादनं जवळजवळ ओढत नेलं.

खालून दुर्बीण घालून तपासतात ती तपासणी झाली आणि डॉक्टरांनी हातमोजे काढता काढता विचारलं, "साथे कोण छे?" बरोबर कोण आलंय, हे डॉक्टरांनी विचारलं की समजून जावं. मी समजले. हे बाहेर बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांना आत बोलावलं तेव्हा त्यांनी पेपराची नीट घडी घातली, खिशात कोंबली, पुन्हा काढली, पुन्हा घडी घातली. मला अजून ती घडी दिसते.

आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात गाठ होती. सर्जन म्हणाले, तेवढा तुकडा कापून काढू आणि वरचं टोक खालच्या टोकाला जोडू. पोट उघडणार नव्हते, लहान भोकांमधून दुर्बिणीनं करणार होते. मी एकच प्रश्न विचारला, पिशवी लागणार का? म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात, शौच तिच्यात जमा होतं, ती पिशवी. ते म्हणाले, बहुधा नाही. हसा हवं तर, पण मला कॅन्सरपेक्षा त्या पिशवीची धास्ती जास्त होती. कॅन्सर आत असतो, कुणाला दिसत नाही.

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, पुढे औषधांची गरज नाही असंही नंतर कळलं. सर्जन येऊन म्हणाले, "जोडाण सरस थयुं छे." जोड छान झालाय. पिशवी लागली नव्हती. मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका, जणू जोड मीच घातला होता.

मजामां

आता माझी चूक सांगते. ही चूक बडोद्याबाहेरचा माणूस करणार नाही.

आमच्याकडे कुणी "केम छो?" विचारलं की "मजामां" म्हणायचं. मजेत आहे. हे उत्तर नाहीच मुळी, शिंक आली की रुमाल तोंडाशी जातो तसं ते तोंडातून निघतं. दाढ काढून आलेला माणूससुद्धा सुजलेल्या गालातून "मजामां" म्हणतो. शाळेच्या दारात, भाजीवाल्याकडे, लहरीपुऱ्याच्या बाजारात गाऊन घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला, सगळीकडे मी जन्मभर हेच म्हणत आले.

पहिले काही दिवस मी खरंच बरी होते. वॉर्डात फेऱ्या मारल्या, शेजारच्या बाईला तिच्या सुनेविषयी सल्ले दिले. मग बिघडायला लागलं. पाठीमागून खाली कुणीतरी मूठ दाबून धरलीय असं वाटे. सारखं संडासला लागल्यासारखं होई आणि होत काही नसे. हुडहुडी भरे, गोळीनं ताप उतरे, पुन्हा भरे. पोट ढोलासारखं झालं. मला वाटलं, ऑपरेशन झालंय, एवढं दुखणारच. उगाच कशाला कुरकुर करायची?

सकाळी सर्जन त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांना घेऊन येत. "केम छो, वसुधाबेन?"

"मजामां, साहेब."

ते नाडी बघून कपाळाला आठी घालत, माझ्याकडे बघत, मी हसत असे. शाळेत इन्स्पेक्शनला हसायचे तशी. पुढच्या सकाळी पुन्हा तेच.

हेतल माझ्याजवळ बसायची. आमच्या हेतलचं मराठी म्हणजे काय सांगू, नामांची लिंगं रोज बदलतात. "मम्मी, तुमची ताप उतरली?" असं विचारते. लग्न झाल्यापासून मी सुधारतेय, तिनं सुधारून घेतलेलं नाही. पण कान तिचे शाबूत होते. कूस बदलताना मी "आई गं, मेले, मेले गं" म्हणायचे ते ती ऐकत होती आणि त्याच तोंडानं साहेबांपुढे "मजामां" म्हणायचे तेही ऐकत होती. त्या सकाळी साहेब वळले तशी ती त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"साहेब, एमने गुजरातीमां ना पूछो. मराठीमां पूछो."

सगळे थांबले. मला इतका राग आला तिचा! चारचौघांत सासूला खोटं पाडतेस? साहेब परत वळले. बडोद्याचाच माणूस, मराठी मित्रांत वाढलेला असणार. पलंगाच्या कडेला टेकून त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "मावशी, कसा वाटते तुमाला? खरा सांगा."

आणि मी रडायला लागले. इतक्या तरण्याताठ्या डॉक्टरांसमोर हमसून हमसून. "काहीतरी फाटलंय हो माझ्या आत. मला वाचवा," म्हटलं. हे वाक्य माझ्यात कुठं होतं मला माहीत नव्हतं. गुजरातीत ते आलंच नसतं.

म्हणून हे वाचणाऱ्यांना एवढं सांगते, दुखणं ज्या भाषेत कण्हता त्याच भाषेत डॉक्टरांना सांगा. समजलं नाही तर दुभाष्या शोधू दे त्यांना. नाडी साहेबांनाही खटकत होती, रक्ताच्या तपासण्या त्यांनी आधीच सांगितल्या होत्या, नाही असं नाही. पण माझ्या हसण्यानं त्यांना एखादा दिवस तरी चकवलं असणार.

लीक

त्याच दिवशी स्कॅन झाला. संध्याकाळी साहेब खुर्ची ओढून बसले. जोड एका बाजूनं सुटला होता. जे आत राहायला हवं ते बाहेर झिरपून जोडाच्या मागे पोकळी झाली होती आणि ती पुवानं भरली होती.

"मग पुन्हा टाके घाला ना," हे म्हणाले.

"सुजलेल्या आतड्यात टाका धरत नाही, काका. घातला की फाटतो."

"मग वरून काही बसवून झाकून टाका."

"झाकलं तर घाण आतच राहील. खड्डा तळापासून भरत यायला हवा."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. वरून येणारी घाण जोडापर्यंत पोचू नये म्हणून लहान आतडं पोटावर काढायचं, म्हणजे पिशवी. आणि खालच्या खड्ड्यात दुर्बिणीनं स्पंज ठेवायचा. पोट उघडायचं नाही. खड्डा भरला तर पुढे पिशवी बंद करून सगळं नेहमीच्या वाटेनं चालू होईल.

"आणि नाही भरला तर?" मी विचारलं.

"तर जोड काढावा लागेल, बेन. मग पिशवी कायमची."

निनादला फोन केला तर त्याला वाटलं घरातला नळ लीक होतोय. "पप्पांना सांग, प्लंबर बोलवा," म्हणाला. हेतलनं फोन हातातून घेतला आणि बाहेर जाऊन त्याला काय ते सांगितलं.

शुद्धीवर आले तेव्हा हात आपोआप पोटावर गेला. तिथं कोमट, मऊ, फुगलेलं काहीतरी होतं. मी हात काढून घेतला आणि बराच वेळ दोन्ही हात डोक्याच्या वर ठेवून पडून राहिले, जणू तो पोटाचा भाग दुसऱ्या कुणाचा आहे.

स्पंज

स्पंज काळा असतो. भांडी घासायचा असतो तसा, पण मऊ. डॉक्टर तो खड्ड्याच्या मापाचा कात्रीनं कापतात, नळीच्या टोकाला दोऱ्यानं घट्ट बांधतात आणि दुर्बिणीच्या मदतीनं खालून आत नेऊन त्या पोकळीत ठेवतात. नळीचं दुसरं टोक बाहेर येतं आणि एका मशीनला जोडतात. मशीन सतत ओढत राहतं. पू ओढला जातो, खड्ड्याच्या भिंती जवळ येतात. थोड्या दिवसांनी स्पंज काढून नवा घालायचा, आणखी लहान मापाचा. सांगायला एवढंच.

खरं ते असं. डाव्या कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, गाऊन वर. तोंड भिंतीकडे. त्या खोलीतल्या भिंतीवर पोपडा निघालेला होता आणि त्याचा आकार मला हुबेहूब श्रीलंकेसारखा दिसायचा. पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही, फक्त आवाज येतात. जुना स्पंज काढतात ना, ते सगळ्यात वाईट. तोवर आतलं मांस स्पंजाच्या भोकांत शिरलेलं असतं, ते ओढून सुटतं. गुंगीचं औषध देतात, पण गुंगीलाही मर्यादा आहे. मी ओरडले आहे. शिव्याही दिल्या आहेत, मराठीतून, म्हणजे कुणाला कळू नयेत म्हणून. पण बडोद्यात मराठी शिव्या कुणाला कळत नाहीत?

पहिल्याच वेळी पाठीमागून एका मुलीचा आवाज आला, "बेन, मने ओळखी?" मला ओळखलंत का? ती दुर्बिणीच्या खोलीतली टेक्निशियन, जिग्ना. माझी विद्यार्थिनी निघाली! नकाशात नर्मदा उलटी वाहवली म्हणून हिला मी वर्गाबाहेर उभी केली होती. आता मी अशी पडलेली आणि ही माझ्यामागे उभी. वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. जिग्नानं चादर ओढून नेमकं जेवढं उघडं लागतं तेवढंच उघडं ठेवलं आणि त्यानंतर दर वेळी, दार उघडण्याआधी, तिची चादर माझ्यावर असायची. देवाच्या दयेविषयी लोक खूप बोलतात. माझ्या वाट्याला ती चादरीच्या रूपानं आली.

उरलेला वेळ मशीनबरोबर. पोळीच्या डब्याएवढं ते, सारखं गुरगुरायचं. सरळ बसता येत नाही, कारण नळी. पाठीवर झोपता येत नाही, कारण नळी. पुढे पुढे घरी सोडलं, मशीन खांद्याला अडकवून, आणि बदलायला परत बोलवायचे. आयुष्यभर मी दुसऱ्यांना "सरळ बसा" सांगत आले होते!

काय करू म्हणजे लवकर भरेल, मी दर वेळी विचारायचे. काय खाऊ? किती चालू? श्वासाचे व्यायाम करू? दुर्बिणीवाले डॉक्टर भला माणूस, पण उत्तर एकच. खा, झोपा आणि वाट बघा. मला वाट बघता येत नाही. मी पेपर त्याच दिवशी तपासून टाकणारी बाई. इथं माझ्या हातात काहीच नव्हतं. खड्डा माझ्या शरीरात, आणि तो भरतोय की नाही ते मी सोडून सगळ्यांना दिसणार. एकदा तर वाटलं, पोटावर थाप मारून सांगावं, अगं बाई, भर ना आता! खरंच मारली हळूच. मग लाज वाटली.

घर

घरात पिशवी हेतल बदलायची. नर्सकडून शिकून आली. पहिल्या वेळी पिशवीच्या कडेनं सगळं गळून गादीवर. ती म्हणाली, "मम्मी, चादर खराब झाला." मी म्हटलं, "चादर झाली." आणि आम्ही दोघी त्या घाणीत बसून हसलो. पादऱ्याहून तिच्या आईनं भाज्या पाठवल्या, ताजी वांगी, टिंडोरा म्हणजे आपली तोंडली, आणि मला त्यातलं काही चालत नव्हतं. मऊ भात खायचा. सेव-उसळीच्या वासानं मात्र जीव जायचा.

हे मात्र खोलीबाहेर जायचे. पिशवी बदलायची वेळ झाली की यांना काहीतरी आठवायचं. दूध आणायचंय, बिल भरायचंय, फाटक लावलंय की नाही बघून येतो. पहिल्यांदा मी समजून घेतलं. दुसऱ्यांदाही. मग एकदा भडका उडाला.

"किती वेळा फाटक बघणार? पळून चाललंय का ते?"

हे दारात उभे. "मला जमत नाही गं, वसू. मला ते बघवत नाही."

"आणि मला बघवतं? माझ्या पोटावर आहे ते!"

हे वळले. फाटकापाशी जाऊन उभे राहिले. निनाद शिफ्टहून आला तर वडील अंगणात आणि आई खोलीत, आणि घरात टीव्हीसुद्धा बंद. त्याला वाटलं काहीतरी वाईट झालं. झालंच होतं म्हणा. मी मनात एक हिशेब मांडला होता. सून करते, नवरा नाही. पिशवी कायमची झाली तर हा माणूस जन्मभर फाटकाशी उभा राहणार, आणि मी एका लेकराच्या वयाच्या मुलीच्या जिवावर. त्या विचारानं जेवढं रडले तेवढी गाठीसाठी रडले नव्हते.

थांबलेला खड्डा

आधी खड्डा भराभर लहान झाला. डॉक्टर आनंदानं माप सांगत. मग थांबला. एका वेळी तेवढाच, पुढच्या वेळीही तेवढाच. डॉक्टरांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण जिग्नानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यावरून कळलं.

सर्जन म्हणाले, आणखी एक-दोनदा बघू. मग स्पंज काढून रंग घालून एक्स-रे. रंग बाहेर झिरपला तर जोड काढायचं ठरवावं लागेल. मी विचारलं, "तोवर मी काय करू?" ते म्हणाले, "कंई नहीं, बेन." काही नाही. किती सोपं असतं हे म्हणणं.

ओळखीपाळखीचे लोक भेटायला येऊन एकेक उपाय सांगायचे. हळद, कडुनिंब, कुणी म्हणे लाल रंग बघू नका. मी सगळ्यांना हो म्हणत होते. भांडायचं त्राण नव्हतं. मी भांडत नाही म्हटल्यावर घरचे सगळ्यात जास्त घाबरले.

रंग

त्या दिवशी सकाळी निनाद ड्यूटीवर होता. हेतलनं मला आणि यांना दारात सोडलं आणि ती गाडी लावायला गेली. मला एकटीला आत घेतलं. टेबल गार होतं. खालून रंग सोडला आणि वरचं यंत्र इकडून तिकडे फिरायला लागलं. कूस बदला. श्वास धरा. सोडा. पडद्यावर पांढरी वळणं दिसत होती. नकाशे वाचण्यात माझा जन्म गेला, पण त्या नकाशातलं मला काही कळेना. पांढरं कुठं असायला हवं आणि कुठं नको? एका जागी छोटासा ठिपका दिसला आणि मी मनात म्हटलं, संपलं.

सर्जन स्वतः आले होते. पडद्याला नाक लावून उभे राहिले. पुन्हा कूस बदलायला लावली, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "क्यांय बहार नथी जतुं."

कुठंही बाहेर जात नाहीये.

"आणि तो ठिपका?"

"टाक्याची पिन आहे, बेन. आतड्याच्या जोडाची. ती राहणारच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भरला. महिन्याभरात पिशवी बंद करू."

मी कपडे घातले, ते कसे घातले देव जाणे. बाहेर आले तर डोळ्यांतून धारा. बोलायला गेले तर घशातून हवा येत होती, शब्द नाही. हे बाकावरून उठले. माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला धरून बाकावर बसवलं, शेजारी बसले, आणि तिथं इतके लोक येत-जात असताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. चारचौघांत त्यांनी कधी धरला नव्हता.

"असू दे," म्हणाले. "असू दे, वसू. पिशवी तर पिशवी. आपण काय तिला घाबरतो?"

तसं नाही हो, म्हणून मी मान हलवली, तर त्यांना वाटलं मी पिशवीलाच नाही म्हणतेय.

"मी करीन. उद्यापासून मीच बदलणार. हेतलला विचारून घेतो पिशवीचं भोक कसं कापायचं, ती कशी चिकटवायची. जन्मभर करीन. पहिल्यांदा सांडलं तर सांडलं. तू ओरड माझ्यावर. पण मी बाहेर जाणार नाही आता. ऐकतेस ना?"

ऐकत होते. तोवर माझा घसा मोकळा झाला होता. "अहो, भरला खड्डा," एवढंच म्हणायचं होतं. पण खोटं कशाला सांगू, मी लगेच म्हटलं नाही. मला अजून थोडं ऐकायचं होतं.